येऊ काय आत?

रवळू कणबरकर अजून दारात थांबतो.
माझ्या दुकानाच्या, सोसायटीच्या, दवाखान्याच्या,
लेकीच्या सासरी येळ्ळूरलासुद्धा.
एक हात चौकटीला,
आणि दोन सेकंद काहीच नाही.
लोकांना वाटतं, गुडघे गेले.
मला ठाऊक आहे,
तो हशा ओसरायची वाट बघतो.

तसंच शिकवलं होतं त्याला मुंबईत.
हशा नंतर टेपवरून चिकटवायचे म्हणे,
शूटिंगला सगळं चिडीचूप.
"मनात मोज, एक, दोन, मगच बोल."
दारापलीकडे नायकाचं घर,
सोफा, फ्रीज, खिडकीत रंगवलेला समुद्र.
अलीकडे, रवळूच्या बाजूला,
प्लायवूडची पाठ, बाहेर आलेले खिळे,
कुणाचे तरी उष्टे ग्लास.

मालिका तेरा भागांची. हा नवांत.
शेजारचा.
कधी साखर मागायला, कधी इस्त्री,
एकदा शिडी, ती का ते आठवत नाही.
दर वेळी तेच, "येऊ काय आत?"
दर वेळी नायक, "नंतर या हो."
त्या सोफ्यावर तो कधी बसला नाही.
नावं वर सरकायची तेव्हा
तो 'आणि इतर' मध्ये असायचा.

आधी दिग्दर्शक म्हणाला, 'काय' काढा,
'आत येऊ का' म्हणा नीट.
मग लाइटवाला पोरगा फस्सकन हसला,
आणि 'काय' राहिलं.
एवढ्यावर नऊ भाग मिळाले, रवळू सांगतो.
त्यात वाईट वाटून घेत नाही,
असं तोच सांगतो.

परवा बुरशी धरलेली कॅसेट घेऊन आला.
मी फीत उलगडली, कापसानं पुसली,
जुन्या डेकवर लावली.
नायकाच्या तोंडावर पांढरे पट्टे,
नायिका तर नुसता आवाज.
दार मात्र स्वच्छ.
भिंतीवरच्या घड्याळावर मोजलं मी,
नऊ भागांत मिळून अकरा मिनिटं,
दार वाजवलेलं धरून.

पुढं ती कानडीत आली.
"ओळगे बरला?" म्हणाला पडद्यावरचा रवळू,
आवाज बेंगळुरातल्या कुणाचा तरी.
ह्याची आई बैलहोंगलची.
चुलीपाशी कानडी, गल्लीत मराठी, असा वाढलेला हा.
"मला विचारलं असतं तर फुकट बोललो असतो," म्हणाला,
आणि कुंद्याचा पुडा माझ्यापुढं सरकवला.
मी खाल्ला. काय बोलणार?

पण मला ती पहिली रात्र सांगायची आहे.
वडगावात, आमच्या गल्लीत,
टीव्ही एकच, कोष्ट्यांच्या दत्तूअण्णांकडे.
मागांचा खडखडाट त्या अर्ध्या तासापुरता बंद.
मी बारा वर्षांचा, कौलांवर,
अँटेनाचा दांडा कवटाळून.
पश्चिमेला वळवला की मराठी यायची, मुंग्यांसकट.
खालून ओरडायचे,
आली! गेली! हलू नको मर्दा!
मला पडदा दिसत नव्हता.
गार लोखंड, समोर काळोख.

मग खालून दार वाजलं,
आणि रवळूचा आवाज, "येऊ काय आत?"
टेपवरचा हशा फुटला, मोठा, मुंबईचा.
खाली कुणीच हसलं नाही.
हसायचं कशाला,
आम्ही सगळेच तसं विचारतो.
आणि दत्तूअण्णांची म्हातारी,
जिला टीव्ही म्हणजे काय ते नीट कळलं नव्हतं,
सरकून जागा करत म्हणाली,
"ये की रे. दारात काय उभा राहुलास?"

नायकानं काय म्हटलं ते ऐकूच आलं नाही.
गल्ली तिच्यावर हसत होती.
मी कौलांवरून दांडा धरून होतो,
हात बधिर झालेले,
आणि कुणी तरी ओरडलं, गेली, गेली,
फिरव जरा.